गाडी मालकाची, हात कुणाचे?



गेल्या हिवाळ्यात आमच्या नगरमधल्या एका गाडीमालकाचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं आहे. पण मी सांगतोय त्या काळात सगळे नगरच म्हणायचे, म्हणून तसंच लिहितो.) फोटोत मालक, त्यांची जुनी डॉज किंग्जवे मोटार आणि पुण्यातल्या एका प्रदर्शनात मिळालेली ट्रॉफी. खाली मजकूर होता की १९५४ सालची ही अमेरिकन गाडी त्यांनी ‘घरच्या घरी, स्वतः मेहनत घेऊन’ पुन्हा रस्त्यावर आणली.

घरच्या घरी हे खरं आहे. गाडी त्यांच्या वाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्येच उभी राहिली. पण ‘स्वतः’ हे खरं नाही. त्या गाडीचं इंजिन माझ्या मामांनी बांधलं. ब्रेक मामांनी केले, वायरिंग मामांनी ओढलं. जवळजवळ सहा वर्षं, दर रविवारी सकाळी भिंगारहून सायकलवर पान्यांची पिशवी अडकवून ते त्या वाड्यावर जायचे. शाळेत असताना मी बॅटरी धरायला सोबत असायचो. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. त्या बातमीत त्यांचं नाव नव्हतं. ट्रॉफीशेजारच्या पाटीवर मालकाचं नाव होतं, कंपनीचं होतं, साल होतं. ज्या माणसाने मेलेलं यंत्र चालतं केलं, त्याच्यासाठी त्या पाटीवर जागाच नव्हती.

मी हे चळवळीतल्या एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “खर्डा, सोनई, जवखेडे ज्या जिल्ह्यात घडलं त्या जिल्ह्यात तुला श्रीमंतांच्या जुन्या गाड्या सुचतात? हे त्यांचे चोचले आहेत, आपल्याला काय करायचंय?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं: जात फक्त माणसाला मारते असं नाही, ती त्याचं ज्ञानही त्याच्या नावावर राहू देत नाही. आणि या दुसऱ्या गोष्टीत आपणही कमी दोषी नाही.

ती गाडी काय होती

अमेरिकन गाडी म्हटलं की ती थेट बोटीतून उतरली असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डीसोटो या गाड्या जोडल्या. पुढे ज्या कारखान्यातून फियाट आणि पद्मिनी निघाल्या तोच हा कारखाना. म्हणजे गाडीचं नाव अमेरिकन असलं तरी तिचे बोल्ट आवळणारे हात मुंबईच्या कामगारांचे होते.

१९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण बदललं. सुटे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही, त्यांनी नुसत्या गाड्या जोडून विकणं थांबवावं, असं ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथला गाशा गुंडाळला. आयातीवरही निर्बंध होते. परिणाम असा झाला की हजारो अमेरिकन गाड्या देशात राहिल्या आणि त्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ झाले. मग या गाड्या पुढची पन्नास-साठ वर्षं कुणी चालवल्या? लेथवर बुशिंग कातणाऱ्याने, पत्रा ठोकून मडगार्ड बनवणाऱ्याने, ट्रकचा भाग घासून मोटारीला बसवणाऱ्याने. भिंगार हा लष्करी छावणीचा भाग. नगरला रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, वाहन संशोधनाची संस्था आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लष्करात ड्रायव्हर-फिटर राहिलेल्या माणसांनी निवृत्तीनंतर इथे छोटी गॅरेजं टाकली. मामांचे उस्ताद असेच एक मुस्लिम गृहस्थ. त्यांनी मामांना वयाच्या सोळाव्या वर्षी हाताशी धरलं आणि जात विचारली नाही, हे मामा शेवटपर्यंत सांगायचे.

हाताला काय माहीत असतं

एके रविवारी मामांनी मला डॉजची चाकं उतरवायला सांगितली. उजवी बाजू सुटली. डाव्या बाजूचा बोल्ट काही केल्या हलेना. मी पान्यावर उभा राहून जोर दिला आणि बोल्ट तुटला. मामा आले, बघितलं आणि म्हणाले, “आरं, ती डावी बाजू हाय. तिकडं उलटे आटे असत्यात. तू सोडत नव्हता, आवळत होता.”

क्रायस्लर कंपनी त्या काळी गाडीच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे बोल्ट लावत असे. चाक पुढे फिरताना बोल्ट आपोआप ढिले होऊ नयेत हा त्यामागचा विचार. हे मामांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनीही कधीतरी एक बोल्ट तोडला होता आणि उस्तादांचा मार खाल्ला होता.

असं त्या गाडीत किती होतं बघा. बॅटरी सहा व्होल्टची आणि तिची धन बाजू गाडीच्या अंगाला जोडलेली, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नवा वायरमन सवयीने जोडायला गेला तर घोटाळा ठरलेला. इंजिन सहा सिलिंडरचं, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, बाजूला ब्लॉकमध्ये. पाण्याच्या पंपामागे ब्लॉकच्या आत पत्र्याची एक लांब नळी असते, ती मागच्या सिलिंडरपर्यंत थंड पाणी पोचवते. ही नळी आतल्या आत गंजून जाते. बाहेरून काही दिसत नाही. रेडिएटर नवा टाका, पंप नवा टाका, गाडी तापतच राहते. मालकांनी आधी दोन ठिकाणी पैसे घालवले होते. मामांनी रेडिएटर काढला, पंप काढला, तारेच्या आकड्याने त्या नळीचे कुजलेले तुकडे ओढून काढले आणि पितळी पत्र्याची नवी नळी वळवून आत सरकवली. गाडी तापायची थांबली.

आणि कामाचा क्रम. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी मिळाली की सगळ्यांना आधी इंजिनचा आवाज ऐकायचा असतो. मामा आधी ब्रेक करायचे. “चालू करायला अक्कल लागत न्हाई, थांबवायला लागती,” असं त्यांचं म्हणणं. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं, आणि इंजिन स्टार्टरने नाही तर हाताने, हळू, अंदाज घेत फिरवायचं. अडकलं तर जबरदस्ती नाही, पुन्हा तेल. पेट्रोलची टाकी उतरवून धुतल्याशिवाय तिच्यातला थेंबही कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ द्यायचा नाही.

मी समाजशास्त्रात एम. ए. केलं. दोन वर्षं ‘ज्ञानाची निर्मिती’ या विषयावर भाषणं ऐकली. खरं सांगतो, निरीक्षण करणं, अंदाज बांधणं, तो तपासणं, चुकला तर मागे येणं, ही पद्धत मी त्या वर्गात नाही, त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिली. पण विद्यापीठ मला पदवी देतं आणि मामांना जग ‘गॅरेजवाला’ म्हणतं. हा फरक कामातल्या बुद्धीचा नाही.

चाळीसगावचा टांगा

आता बाबासाहेबांकडे येतो, कारण वाहन आणि जात यांचा संबंध त्यांनी स्वतःच्या अंगावर भोगला आहे.

१९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमाला, त्याच्या भावाला आणि भाच्यांना गोरेगावला न्यायला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला, तो दुप्पट भाडं घेऊन आणि या अटीवर की बैलगाडी मुलांनीच हाकायची, तो सोबत पायी चालेल. १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. चाळीसगाव स्टेशनवरून महारवाड्यात जाण्यासाठी टांगा हवा होता. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. तडजोड अशी निघाली की टांगा मिळेल, हाकणारा मिळणार नाही. पाहुण्याला पायी कसं न्यायचं म्हणून आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीच्या पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

ही घटना आपण भाषणात सांगतो तेव्हा टांगेवाल्याच्या जातीय घमेंडीवर थांबतो. तो मुद्दा आहेच, बाबासाहेबांनीही तो मांडला आहे. पण दुसरी बाजू बघा. लगाम हाती घेतलेल्या त्या माणसाला टांगा का हाकता येत नव्हता? कारण त्याला कधी कुणी लगाम धरूच दिला नव्हता. कसब नाकारणं हा नुसता अपमान नसतो, त्यात हाडं मोडतात, जीव जातो. त्या दिवशी बाबासाहेबांचा जीव थोडक्यात वाचला.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच होतं. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आपण नीट समजून घेतलं पाहिजे की ते यंत्रापासून दूर जायला सांगत नव्हते. ते यंत्रापर्यंत पोचण्याचा हक्क मागत होते. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये त्यांनी मुद्दा स्पष्ट केला की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. युद्धकाळात हजारो तरुणांना फिटर, टर्नर, वेल्डर बनवणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या तक्रारींचं जे निवेदन त्यांनी व्हाइसरॉयना दिलं, त्यात आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावं, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी ही मागणी होती. कोलंबिया विद्यापीठाची पदवी असलेला माणूस आपल्या पोरांसाठी रेल्वे वर्कशॉपची जागा मागतो, याचा अर्थ आपण कधी लावला का?

यंत्राला जात नव्हती, गॅरेजला आली

मोटार ही या देशात नवी वस्तू होती. चामड्याची, केराची, दोराची जात ठरलेली होती. मनुस्मृतीत कार्ब्युरेटरची जात लिहिलेली नव्हती. म्हणून सुरुवातीला गॅरेजचं दार थोडं उघडं राहिलं. मुस्लिम, लोहार, सुतार, लष्करातून आलेले महार-मांग, सगळे तिथे शिरले. मामांसारख्या कितीतरी जणांना गावकीच्या कामातून या दाराने बाहेर पडता आलं.

पण जात मागून आलीच. कोणत्याही तालुक्याच्या गावी गॅरेजांच्या ओळीत अर्धा दिवस उभे राहा. गाडी धुणारा कोण, खड्ड्यात उतरून ग्रीस मारणारा कोण, गल्ल्यावर बसणारा कोण, शोरूमच्या काचेआड टाय लावून ‘सल्लागार’ म्हणून बसणारा कोण, हे विचारा. मी आकडे देत नाही, तुम्ही स्वतः मोजा.

आणि मजुरी. मामांना त्या वाड्यावर कधी बिल करता आलं नाही. मालक वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. मामांच्या आजारपणात त्याने औषधाला पैसे दिले. दिवाळीला कपडे दिले, घरी धान्य पाठवलं. पण कामाचे पैसे विचारले की उत्तर यायचं, “देऊ की समजून.” मित्रांनो, ‘समजून देऊ’ म्हणजे काय? काम ठरलेलं, दाम न ठरलेला, वर धान्य आणि जुने कपडे. याला आपल्या आज्यापणज्यांच्या भाषेत बलुतं म्हणत. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या दया पवारांनी त्या शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं. बलुतं संपलं असं आपण समजतो. ते शेडमध्ये शिरलं होतं, सुताराच्या पायलीऐवजी मेकॅनिकच्या पिशवीत.

चहाचंही सांगतो. मामांचा चहा शेडच्या खिडकीत ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासात यायचा. घरातल्यांचा कपबशीत. तो ग्लास सहा वर्षं त्या खिडकीतच राहिला, आत कधी गेला नाही. सहा वर्षांत त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही, मामाही नाही.

धूळ

शेवटी मामांना धाप लागायची. जिना चढवत नव्हता. ते तंबाखू-बिडीला शिवत नव्हते. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आत काळी-राखाडी भुकटी साचलेली असते. आपल्याकडे ती हवेच्या पाइपने फुंकून काढतात, बाजूला पोरगं बॅटरी धरून उभं असतं. ती धूळ फुप्फुसात बसते आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. मामांना त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण कुणी तसं तपासलंच नाही. दवाखान्यात ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ लिहिलं होतं. मजुरीला कसली तपासणी?

आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही. म्हणून जो कुणी भाऊ जुन्या गाडीचा ड्रम उघडतो त्याला हात जोडून सांगतो: फुंकू नका, कोरडं झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. जुना रंग घासतानाही हेच, त्यात शिसं असतं. गाडी जिवंत करताना माणूस मरू नये, एवढं तरी आपण बघू.

आपणही तेच केलं

इथपर्यंत वाचून मालकावर राग आला असेल. आता आपल्याकडे वळू.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आठ जण बोलले. ‘धम्माचे निष्ठावान उपासक’, ‘चळवळीचे सच्चे कार्यकर्ते’, ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’. सगळं खरं. पण चाळीस वर्षं १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा ट्रक आणि जनरेटर ज्या माणसामुळे बंद पडला नाही, तो एक पट्टीचा मेकॅनिक होता, हे एकही जण बोलला नाही. मीही बोललो, आणि मीही ते टाळलं. का टाळलं ते आता कबूल करतो. मला लाज वाटायची. कॉलेजात असताना ते मला भेटायला आले, तेव्हा नखांत काळं होतं, म्हणून मी त्यांना फाटकापाशीच गाठून परत पाठवलं. त्यांना ते कळलं असणार. खिडकीतला ग्लास मालकाने ठेवला होता. फाटक मी ठेवलं.

यावर आपल्यातला एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीर वाटतो. लोक म्हणतात, “पिढ्यान् पिढ्या हातांनी राबलो. बाबासाहेबांनी पेन दिला. आता पुन्हा पोरांच्या हाती पाना द्यायचा?” नाही. कुठल्याही पोराला पाना धरायला भाग पाडायचं नाही. शिष्यवृत्ती, विद्यापीठ, परदेशी शिक्षण, प्रशासन, न्यायालय, सगळीकडे आपण गेलंच पाहिजे आणि त्यासाठीची लढाई एक इंचही कमी करायची नाही. पण पेन हवाच म्हणून पाना हलका, हे गणित आपलं नाही. डोक्याने काम करणारा वरचा आणि हाताने काम करणारा खालचा, ही उतरंड कुणाची आहे? ज्यांची आहे त्यांना ती परत करा. बाबासाहेबांचा विरोध जन्माने लादलेल्या, मोबदला आणि मान नसलेल्या कामाला होता. स्वतः निवडलेल्या, शिकलेल्या, दाम ठरलेल्या कसबाला नव्हता.

दुसरा आक्षेप असा की उस्ताद-चेला हीसुद्धा गुलामीच आहे. मार, शिव्या, वर्षानुवर्षं फुकट काम. हेही खरं आहे. मामांनी मार खाल्ला होता. म्हणून मी जुन्या गॅरेजचे गोडवे गात नाही. चौदा वर्षांखालचं पोरगं गॅरेजमध्ये दिसलं तर तो कायद्याने गुन्हा आहे आणि आपण तो थांबवलाच पाहिजे, मालक आपला नातेवाईक असला तरी. मला कसब हवं आहे, त्याच्यासोबत आलेली गुलामी नको.

मग करायचं काय?

पहिलं, कामाची वही. जुनी गाडी असो, ट्रॅक्टर असो की मिरवणुकीचा ट्रक, प्रत्येक गाडीसोबत एक वही असावी. कोणत्या तारखेला काय काम झालं आणि कुणी केलं, नावासह. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, नोंदणी दहा वर्षांची. त्या कागदावर मालकाचं नाव येतं, कारागिराचं येत नाही. प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी पाटीवर एक ओळ वाढवावी, ‘काम करणारे’. याला काही खर्च येत नाही. ही मागणी आपण लेखी केली पाहिजे.

दुसरं, बिल. काम सुरू करण्याआधी दर ठरवा, लिहा, सही घ्या. ‘समजून देऊ’ ऐकलं की पाना खाली ठेवा.

तिसरं, कागद. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. कंपन्यांकडे त्या जागांचा हिशेब मागा. जे आधीच काम जाणतात त्यांना ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ मधून प्रमाणपत्र मिळू शकतं. ज्यांना स्वतःचं गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी १९७८ पासून महात्मा फुले महामंडळ आहे. तिथे चकरा माराव्या लागतात, हे मला माहीत आहे. एकट्याने मारू नका, पाच-सहा जण मिळून जा.

चौथं, नवं ज्ञान. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात जातं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने खराब होतो, उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरून गंज चढतो. हे कळणारा, आणि त्यावर योग्य रबर निवडून बसवणारा मेकॅनिक आज हवा आहे. उद्या विजेच्या गाड्या येतील तेव्हा पुन्हा एक दार थोडं उघडं असेल. १९२८ मध्ये उघडलं तेव्हा आपण उशिरा पोचलो. या वेळी आधी पोचू या.

पाचवं, आपला इतिहास. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, त्यांचा टाइपरायटर जपून ठेवला आहे. तिथे गेल्यावर अंगावर काटा येतो. वस्तू जपणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही. मग ज्या ट्रकवर आपल्या मिरवणुका निघाल्या, ज्या जीपमधून आपले नेते गावोगाव फिरले, ती वाहनं चालवणारे आणि दुरुस्त करणारे कोण होते, याची नोंद कोण करणार? त्यातले बरेच आज सत्तरीत-ऐंशीत आहेत. त्यांच्यासमोर मोबाइल ठेवून दोन तास बसा.

वही

बातमी आल्यावर मी मालकाला भेटायला गेलो. भांडायला गेलो होतो. त्याने आत बोलावलं, कपबशीत चहा दिला. मी शांतपणे विचारलं, “मामांचं नाव का नाही?” तो गडबडला. म्हणाला, “अरे, राहूनच गेलं. कुणी विचारलंही नाही.” मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते सुचलंच नव्हतं, आणि जात बहुतेक वेळा अशीच चालते. पुढच्या प्रदर्शनात पाटी बदलतो म्हणाला. बदलेल की नाही, तुम्हाला कळवीन.

मामांच्या ट्रंकेत मला एक शंभर पानी वही सापडली. पहिल्या पानावर ‘जय भीम’ आणि खाली तारीख. आत त्या डॉजचे सगळे हिशेब: व्हॉल्व्हचं अंतर, बेअरिंगची मापं, कुठला भाग कुठल्या ट्रकचा बसतो, पाण्याच्या नळीचं मोजमाप आणि तिचं पेन्सिलीने काढलेलं चित्र. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर, एकही माप खाडाखोड केलेलं नाही. एका पानावर माझंही नाव आहे: ‘भाच्याने डाव्या चाकाचा बोल्ट तोडला. नवा कातून घेतला. १५ रु.’

त्या गाडीवर काम करणाऱ्याची लेखी नोंद म्हणून आज एवढीच वही आहे, आणि ती मालकाच्या वाड्यात नाही, आमच्या घरात आहे. मी तिचं पानन् पान फोटो काढून ठेवलं आहे. तुमच्या घरात, तुमच्या मामाच्या, चुलत्याच्या, आज्याच्या ट्रंकेत अशी एखादी वही नक्की असेल. रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.

सप्रेम जय भीम.